तीनशे बारा नंबरचा फॉर्म

तीनशे बारा नंबरच्या फॉर्मवर, चौदाव्या प्रश्नाशी, तिची पेन्सिल अडली. जेवणाच्या सुट्टीला अजून वीस मिनिटं होती, डोक्यावरचा पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, शेजारच्या टेबलावरची मुलगी एका हाताने कॅल्क्युलेटर आणि दुसऱ्या हाताने केस सांभाळत होती, आणि अडण्यासारखं खरं तर काही नव्हतं. लोक फॉर्मवर खाडाखोड करतातच. काही जण गिरवून गिरवून कागद फाडतात, काही पांढरी शाई लावतात आणि ती वाळायच्या आत पान मिटून दोन्ही पानांचा सत्यानाश करतात. इथं मात्र 'सहमत'च्या चौकोनातली खूण एकाच आडव्या रेघेनं खोडली होती, खालचं दिसेल अशी. रेघेच्या शेजारी मुंगीएवढी सही होती, आणि मग 'असहमत'च्या चौकोनात दुसरी खूण केली होती. अशी खाडाखोड कोण करतं? ज्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी दरडावून सांगितलेलं असतं की लॉगबुकात चुकलेला आकडा गिरवायचा नाही, पुसायचा नाही, एका रेघेनं खोडायचा आणि शेजारी सही करायची, तो. आणि ही सही म्हणजे एक वेलांटी आणि तिच्या पोटात टिंब. बावीस वर्षं ती ही सही पाहत आली होती. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या पावतीवर, अगदी वाण्याच्या यादीतसुद्धा, कारण साबण दोनाऐवजी तीन लिहिला तरी तिचा नवरा एका रेघेनं खोडून सही ठोकायचा, आणि ती म्हणायची, "अहो, वाणी काय तपासणीला येणार आहे का?"

तिचं काम करायला सोपं होतं आणि कुणी विचारलं तर सांगायला अवघड. ती ज्या संस्थेत होती ती संस्था लोकांची मनं मोजायची. म्हणजे कारखान्यांत, शाळांत, इस्पितळांत, सरकारी खात्यांत फॉर्म वाटायची. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत. माणसानं स्वतःबद्दल स्वतःच सांगायचं. नाव लिहायचं नाही, फक्त कोपऱ्यात छापलेला नंबर. कोणता नंबर कुणाचा ती यादी तिच्या वरच्या मॅडमच्या कपाटात, सीलबंद पाकिटात. फॉर्म भरून आले की ती गुण द्यायची. दहा वाक्यं सरळ होती आणि दहा उलटी, म्हणजे ज्यांना 'हो' म्हटलं की गुण कमी व्हायचे. नवी माणसं तिथंच गोंधळायची. तिला एकोणीस वर्षांत उलटं-सुलटं करायला विचारसुद्धा करावा लागत नव्हता. 'माझी धडपड वाया गेली' यापुढे पाच दिसला की हात आपोआप एक लिहायचा आणि डोळे खालच्या ओळीवर जायचे. शंभरापैकी साठच्या वर असला तर माणूस बरा. चाळीसच्या खाली गेला तर फॉर्म लाल ट्रेमध्ये. मग मॅडम सील फोडणार, नाव शोधणार, त्याच्या साहेबाला कळवणार आणि त्याला बोलावून घेणार. या इतक्या माणसांबद्दल तिला काही वाटायचं का? खरं सांगायचं तर राग यायचा. कुणीही न विचारता एवढं सगळं कागदावर ओतून मोकळं होणाऱ्यांचा राग, आणि न वाचता एकाच रांगेत धडाधड खुणा करणाऱ्यांचाही. नोकरीला लागली तेव्हा मॅडमनी सगळ्यांना सरावासाठी एकेक फॉर्म भरायला लावला होता. तिनं दोन मिनिटांत भरला होता. सरळ वाक्यांना चार, उलट्यांना दोन, गुण ऐंशी. पाच-पाच दिले की माणूस खोटं बोलतंय असं वाटतं, तीन-तीन दिले की कंटाळलंय असं वाटतं. चार दिले की कुणी काही विचारत नाही. हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

तीनशे बाराची बेरीज अडतीस आली. तिनं पुन्हा केली. अडतीस. मग ती आकडे सोडून वाक्यं वाचायला लागली, जे तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. 'मी आहे म्हणून काही फरक पडतो असं मला वाटतं' — पूर्ण असहमत. 'माझ्यावाचून घरचं काही अडणार नाही' — पूर्ण सहमत. 'मनातलं सगळं सांगता येईल असं एक तरी माणूस मला आहे' — हे चौदावं, आधी सहमत, मग खोडून असहमत. आणि सतरावं, 'हसताना मला हसण्याचं नाटक करावं लागतं' — पूर्ण सहमत, इतकं दाबून की बॉलपेनचा वण मागच्या बाजूला बोटाला लागत होता. तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. कारण तिचा नवरा हसायचा. हसायचा म्हणजे काय, घरात दुसऱ्या कुणाचा आवाज असायचाच नाही. दाढी करताना आरशातल्या माणसाची थट्टा करायचा, भाजीत मीठ जास्त झालं तर "आज समुद्र जवळ आलाय" म्हणायचा, मुलगी हॉस्टेलवरून फोन करायची तेव्हा पलीकडून तिचं खिदळणं खोलीभर ऐकू यायचं. हे सगळं नाटक? रोजचं, बावीस वर्षांचं? आणि आपण समोर बसून पोळ्या लाटत होतो.

मग तिनं गठ्ठा उलटा केला आणि तीनशे एकपासून पाहायला लागली. काही फॉर्म निळ्या पेनचे, काही काळ्या, एक तर चक्क हिरवा. खुणा कुणाच्या गोल, कुणाच्या फुल्या. तीनशे चारवर तिचा हात थांबला. तीच खूण होती. आधी एक टिंब, मग त्या टिंबातून वर जाणारी रेघ, जणू काटा शून्यावरून हलतोय. नवऱ्याची खूण. हा फॉर्म मात्र स्वच्छ होता, एकही खाडाखोड नाही, गुण चार आणि पाच, पाच आणि पाच. बेरीज एक्याण्णव. म्हणजे एकाच माणसानं दोन फॉर्म भरले होते. एक लोकांना दाखवायला आणि एक खरा. तिला हे इतकं लख्ख कळलं की दुसरं काही असू शकेल असा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. त्याच्या पाणीपुरवठा खात्यात, पंपहाऊसवरसुद्धा, फॉर्म वाटले गेलेत हे तिला माहीत होतं, मागच्या महिन्यात ऑफिसात बोलणं झालं होतं. तो घरी मात्र एका शब्दानं बोलला नव्हता. जो माणूस व्हॉल्व्हमध्ये बेडूक अडकला तरी येऊन दहा मिनिटं सांगतो, तो हे बोलला नव्हता.

नियम दोन होते आणि दोन्ही तिलाच पाठ. एकाच हातानं भरलेले दोन फॉर्म सापडले तर दोन्ही बाद करायचे, कारण त्यातलं काहीच खरं धरता येत नाही. आणि चाळीसच्या खाली गेलेला फॉर्म त्याच दिवशी लाल ट्रेमध्ये गेला पाहिजे. पहिला नियम पाळला तर हा कागद कात्रीखाली जाईल आणि तो माणूस जसा आहे तसाच राहील, एकटा. दुसरा पाळला तर उद्या सकाळी त्याच्या साहेबाच्या टेबलावर फोन वाजेल, संध्याकाळपर्यंत सगळ्या पंपहाऊसला कळेल, आणि डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला पंपावर ठेवता येत नाही म्हणून त्याला कुठल्यातरी कचेरीत स्टुलावर बसवतील. हे त्याला सहन होईल? तिला एक जुना फॉर्म आठवला. तिच्या दुसऱ्या वर्षातला, कुठल्यातरी कापडाच्या कारखान्यातला, चौतीस गुणांचा. शुक्रवारी संध्याकाळी तिनं तो ट्रेमध्ये टाकला होता, मॅडम सोमवारी आल्या होत्या. पुढच्या फेरीत त्या नंबरचा फॉर्म आलाच नाही. बदली झाली असेल, असं कुणीतरी म्हणालं होतं आणि ती हो म्हणाली होती. विचारलं नव्हतं. आज शुक्रवार नव्हता, बुधवार होता, पण म्हणून काय झालं? तिनं दोन्ही फॉर्मांची घडी घातली आणि पर्समध्ये, डबा ठेवायच्या कप्प्यात सरकवली. एकोणीस वर्षांत तिनं या खोलीतून एक टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती.

"ताई, तीनशे बारा कुठंय?" शेजारची मुलगी गठ्ठा मोजत म्हणाली. "आणि चार पण नाही."

"माझ्याकडे आहेत. नीट वाचता येत नाहीयेत."

"द्या ना, मी बघते. माझे डोळे चांगले आहेत."

"माझे काय फुटलेत?" ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजानं स्वतःच दचकली. मुलगी पुन्हा गठ्ठा मोजायला लागली. इतक्या वर्षांत ताईंचा आवाज कुणी वर चढलेला ऐकला नव्हता. ताई म्हणजे खोलीतलं शहाणं माणूस, भिंतीवरच्या घड्याळासारखं, चालू आहे म्हणून कुणी वर बघत नाही असं. तिनं पंपहाऊसला फोन लावला. वाजत राहिला. तिथं मोटरी चालू असल्या की फोन ऐकू येत नाही, मोबाइल तर तो लॉकरमध्येच ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. तरी ती कानाला रिसीव्हर लावून ती घंटी ऐकत राहिली आणि प्रत्येक घंटीला तिला तिथली खालची टाकी दिसत राहिली. एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढी खोल, काळं पाणी, कडेला गुडघ्याच्या वर जेमतेम येणारा लोखंडी कठडा. तो दर तासाला तिथं वाकतो. पाण्याची पातळी बघायला. दर तासाला, गेली एकवीस वर्षं, आणि आपण त्याच्या या वाकण्याचा एकदाही विचार केलेला नाही.

मॅडमना तिनं सांगितलं की डोकं दुखतंय, घरी जाते. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं? तुमचं डोकं कधी दुखत नाही हो. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," ती म्हणाली. तोंडातून हे दोन शब्द किती सहज येतात, अगदी चहा ओतल्यासारखे.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि ती बाहेर न बघता पर्सच्या कड्या घट्ट धरून बसली, जणू आत जिवंत काहीतरी होतं. बस वळणावळणानं दुकानं, शाळा, एक बांधकाम, पुन्हा दुकानं असं करत निघाली होती आणि तिचं मन मागं मागं जात होतं. कधी सुरू झालं असेल? दिवाणखान्याला गेल्या वेळी रंग देताना तो शिडीवर चढून गाणं म्हणत होता, तेव्हा? मुलीला हॉस्टेलवर सोडून परत येताना गाडीत तो अखंड बडबडत होता, ढाब्यावरच्या मांजराची नक्कल करत होता, आणि ती खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेऊन पडली होती. तिला वाटलं होतं, याला काहीच कसं वाटत नाही? आता तिला वाटलं, त्याला वाटत होतं, म्हणून तर तो बोलत होता. प्रत्येक आठवणीची तिनं अशी उलटी बाजू पाहायला सुरुवात केली, आणि ती तर त्यात पटाईतच होती, उलट्या वाक्यांचे गुण उलटे करणं हाच तिचा धंदा. हसू होतं तिथं दुःख लिहायचं. गाणं होतं तिथं गप्प बसणं लिहायचं. पाहता पाहता बावीस वर्षांचा संसार तिनं उलटा करून टाकला आणि त्याची बेरीज अडतीस आली. मध्येच तिला स्वतःचा भयंकर संताप आला. याच्या शेजारी रोज रात्री आपण झोपतो. याला कुठं दुखतं हे आपल्याला एका कागदावरून कळावं, तेही चोरून? आणि संतापाच्या खाली, तिला मान्य करायचं नव्हतं तरी, आणखी एक गोष्ट होती. बरं वाटत होतं. इतकी भीती वाटत असताना आत कुठंतरी बरं वाटत होतं की या घरात तोही... पण तिथं तिनं विचार तोडला आणि उतरायचा थांबा आला म्हणून उठली.

पंपहाऊसच्या फाटकावरच्या माणसानं तिला ओळखून हात हलवला. "साहेब आत आहेत," तो म्हणाला. आत म्हणजे कुठं, हे विचारायला ती थांबली नाही. इमारतीत शिरलं की आवाज आधी पायांना कळतो. फरशी थरथरते, मग दात, मग कान. पाच मोटरी ओळीनं उभ्या, हिरव्या रंगाच्या, आणि त्यांच्या पलीकडे जिथं उजेड कमी होता तिथं टाकीचा कठडा होता. तो कठड्यावर ओणवा झाला होता. दोन्ही हात लोखंडावर, मान खाली, पाठ वाकलेली. खाली पाण्याकडे बघत होता आणि हलत नव्हता. ती ओरडली, "अहो!" आणि तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती धावली. किती वर्षांनी धावली ती? चप्पल एका पायातून निसटली, ती तशीच पुढं गेली आणि तिनं मागून त्याचा शर्ट मुठीत धरून इतक्या जोरात ओढला की वरचं बटण तुटून टाकीत पडलं.

तो दचकून वळला. "अगं! काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"ती बरी आहे!"

"मग?" इथं सगळं ओरडूनच बोलावं लागत होतं. "चप्पल कुठंय तुझी?"

तिनं पर्समधून फॉर्म काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. तो कागद पाहताच त्याचा चेहरा बदलला. चोरी सापडलेल्या माणसाचा चेहरा होता तो. म्हणजे खरं होतं.

"हे तुझ्याकडे कसं आलं?"

"माझ्याकडेच येतात सगळे!"

"मला वाटलं मशीनमध्ये जातात!"

"मीच ते मशीन!" ती ओरडली. त्याला हसू येणार होतं, आलंही ओठांपर्यंत, पण तिच्याकडे बघून परत गेलं. "तुम्हाला काय होतंय? मला का नाही सांगितलंत? अडतीस गुण आहेत! अडतीस! कळतंय का तुम्हाला याचा अर्थ काय होतो?"

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? तुमचे!"

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. काहीतरी बोलला, हळू, आणि मोटरींनी ते गिळून टाकलं. मग त्याच्या लक्षात आलं की इथं हळू बोलता येणार नाही. त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि जे कुणी कुणाला कानात सांगतानाही दहा वेळा विचार करेल ते पाच मोटरींच्या वर ओरडून सांगितलं.

"हा माझा नाही! माझा दुसरा! हा तुझा आहे!"

लॉगबुकाच्या काचेच्या खोलीत त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, तिची चप्पल शोधून आणली, दार लावलं. आवाज बाहेर राहिला, थरथर आत आली. तो टेबलाच्या कडेला टेकला आणि जमिनीकडे बघत सांगायला लागला. मंजूर जागा बारा होत्या म्हणून फॉर्म बारा आले. माणसं अकरा, बारावी जागा दोन वर्षं रिकामी आहे. सगळ्यांनी आपापले भरले आणि एक उरला. "आता आमच्याकडे रकाना रिकामा सोडता येत नाही, तुला माहितेय. काटा अडकला तरी आम्ही अंदाजानं आकडा भरतो, पुढची-मागची रीडिंगं बघून. रिकामा सोडला की मेमो. पोरं म्हणाली, साहेब, भुताचा म्हणून भरा. मीही गंमत म्हणूनच घेतला. कुणाचा तरी भरायचा तर म्हटलं तुझा भरू. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. मग गंमत राहिली नाही."

मग तिला असा राग आला की हातातली पर्स फेकावीशी वाटली. तिचं दार न वाजवता कुणी आत शिरलं होतं, कपाटं उघडून बघितली होती आणि यादी करून सरकारी पाकिटात घातली होती. "तुम्हाला कुणी सांगितलं मी हसण्याचं नाटक करते म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? विनोद मीच करतो ना."

"आणि माझ्यावाचून काही अडणार नाही, हे?"

"हे तू म्हणालीस. पोरीला सोडून आलो त्या दिवशी. कुलूप उघडताना." तिला आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं, पण ते ती मोठ्यानं बोलली होती हे माहीत नव्हतं.

"चौदावं का खोडलंत?"

बाहेर कुठल्यातरी गेजचा काटा थोडा हलला असावा, त्याची नजर सवयीनं तिकडं गेली आणि परत आली. "आधी म्हटलं, सगळं सांगता येईल असं माणूस, मी आहे की. टिक केली. मग आठवायला बसलो, तू मला शेवटचं काय सांगितलंस ते. खूप वेळ बसलो. दूध नासलं, एवढंच आठवलं."

तिला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. "आणि तुमचा तो? एक्याण्णव? तो तरी खरा आहे का?"

"खरा आहे," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याला जितकी लाज वाटली तितकी मघाशी फॉर्म पाहतानाही वाटली नव्हती. "मी बरा आहे गं. खरंच. सकाळी येतो, काम करतो, घरी येतो, तू असतेस. मला वाटायचं दोघंही बरे आहोत. दोन्ही फॉर्म एकाशेजारी एक ठेवले तेव्हा म्हटलं, ही एकाच घरातली माणसं कशी? तुला विचारायचं होतं. रोज विचारायचं होतं. मग मी काहीतरी विनोद करायचो."

म्हणजे तो सुखी होता. तो बसमधला सगळा हिशोब, ते हसण्याखालचं दुःख, ती गाण्याखालची शांतता, सगळं तिनं त्याच्या नावावर मांडलं होतं आणि ते त्याचं नव्हतंच. बसमध्ये बरं वाटलं होतं ते का, हे तिला आता समजलं, आणि ते समजणं फार कडू होतं. तिला सोबत हवी होती. ती भीतीनं धावत आली होती हे खरं, पण येताना तिला वाटत होतं की निदान दोघं तरी असू.

"चुकलंय का काही?" त्यानं विचारलं. फॉर्म त्याच्या हातात होता. "मी आपलं बाहेरून बघून भरलंय. सांग ना. चुकलं असेल तर सांग."

ती तोंड उघडून म्हणणारच होती, सगळंच चुकलंय, मी ठीक आहे. ते शब्द जिभेवर तयारच होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खुणा मोजल्या, आणि मॅडमपासून मुलीपर्यंत कुणीही विचारलं की हेच दोन शब्द पुढं केले. तिनं ते गिळले.

"एक चुकलंय," ती म्हणाली.

"कोणतं?"

"तिसरं. 'सकाळी उठून दिवस सुरू करावासा वाटतो.' त्याला तुम्ही चार दिलेत."

तो गोंधळला. त्यानं कागद पुन्हा पाहिला. "मग? तू तर माझ्याआधी उठतेस. पाचला. रोज. एवढं तर मी डोळ्यांनी बघतो."

"उठते," ती म्हणाली. "वाटत नाही."

त्यानं फॉर्म टेबलावर ठेवला. खोडायला पेन उचलला नाही, सही केली नाही. समोरचं स्टूल ओढून तिच्या इतक्या जवळ बसला की दोघांचे गुडघे लागले. बाहेर एक मोटर बंद पडली की बंद केली, आवाज थोडा उतरला. तो उठला नाही.

"कधीपासून?"

या प्रश्नाला चौकोन नव्हते.

"तुमच्या आई गेल्या ना. पाहुणे परत गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सगळे जाताना म्हणाले होते, सहा वर्षं केलंस गं बाई, आता सुटलीस. मी पाचला उठले. औषध द्यायचं नव्हतं. चादर बदलायची नव्हती. पाणी तापवलं आणि मग कळेना कुणासाठी तापवलंय. मी तशीच उभी होते ओट्यापाशी, दिवा न लावता, तुम्ही उठेपर्यंत. तुम्ही आत आलात आणि विचारलंत, एवढ्या लवकर कशाला उठलीस आता? आठवतंय?"

"आठवतंय," तो म्हणाला. "तू म्हणालीस, जाग आली, बरं वाटतंय."

"हो," ती म्हणाली. "खोटं सांगितलं."